उसनं व्रत आणि गुळाची नानखटाई

ज्या माणसानं आठ महिने साखर तोंडात घातली नव्हती, त्याला मी साखरेच्या अकरा नानखटाया खाऊ घातल्या आणि गुळाच्या आहेत म्हणून सांगितलं. हे माझ्या हातून चुकून झालं नाही. मी ते ठरवून केलं, आणि वर त्याच्या बायकोचा आशीर्वादही घेतला.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, सुरतेतली. भेस्तानमध्ये ठाकोरभाई नावाच्या मालकाच्या बेकरीत मी भट्टीवर होतो. मूळचा मी शिरपूरकडचा. आमच्याकडून सुरतेला आलेली बहुतेक माणसं मागावर लागली. मला मागाचा खडखडाट सोसेना म्हणून मी पिठात शिरलो. भट्टीवरच्या मुख्य कारागिराला मास्तर म्हणतात. नववीत दोनदा नापास झालेल्या माणसाला मास्तर म्हणणारे धंदे तीनच: बेकरी, शिवणकाम आणि बँड. बँडमध्ये मला घेतलं नाही.

बाहेरच्या वाचकासाठी आमच्याकडची एक रीत आधी सांगायला हवी. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस बेकरी अर्धी आमची आणि अर्धी बायकांची असते. मैदा, रवा, बेसन, तूप, पिठीसाखर असं सगळं सामान त्या घरून डब्यांतून आणतात. आम्ही ते मळायचं, वळायचं, भाजायचं आणि त्यांच्याच डब्यात भरून परत द्यायचं. आम्हाला मिळते ती मजुरी. भट्टीत जाणाऱ्या प्रत्येक पत्र्यावर एक चिठ्ठी असते, तिच्यावर बाईचं नाव, कारण एकीच्या साजूक तुपाचा माल दुसरीच्या डब्यात गेला तर दिवाळी बेकरीतच साजरी होते. एक म्हातारी तर माझ्या परातीशेजारी पाट घेऊन बसायची आणि माझ्या बोटांना चिकटलेलं तूप सुरीनं खरवडून तिच्या गोळ्यात घालायला लावायची. मला तिचा फार राग यायचा. आता वाटतं, माणूस ओळखण्यात तिचा हात कोणी धरला नसता.

त्या वर्षी त्या रांगेत जिजाबाई आल्या. त्यांचे यजमान दगडूआप्पा उधन्याकडे एका पॉवरलूमवर कारागीर होते, अमळनेरकडचे. आमच्या चाळीपासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. मी त्यांना आप्पा म्हणायचो, आणि जिजाबाईंना वहिनी. होळीच्या सुमारास वहिनींच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. महिनाभर त्या अंथरुणात. तेव्हा आप्पांनी सप्तशृंगीला बोलून ठेवलं की पुढच्या चैत्रात ही स्वतःच्या पायानं गड चढेल तोवर मी साखर खाणार नाही. गूळ चालेल, साखर नाही. आप्पांसारख्या माणसानं साखर सोडणं म्हणजे काय, हे त्यांना चहा पिताना ज्यानं पाहिलं त्यालाच कळेल. ते चहात साखर घालायचे नाहीत, साखरेत चहा घालायचे.

वहिनींनी परातीपुढं डबा उघडला. रवा होता, मैदा होता, भावानं गावाहून ताप्ती लाइनच्या गाडीनं कोणाबरोबर तरी पाठवलेलं सव्वा किलो साजूक तूप होतं, आणि साखरेच्या जागी फडक्यात बांधलेली गुळाची ढेप.

"मास्तर, यंदा डॉक्टरनं गावाला जायची मनाई केली आहे. दिवाळी इथंच. यांना नानखटाई फार आवडते, पण साखर चालत नाही. गुळाची होईल का?"

मागच्या बायका हसल्या. एक म्हणाली, "गुळाची नानखटाई कोणी पाहिली आहे का, बाई? त्यापेक्षा दशम्या करा घरी."

खरं सांगायचं तर गुळाची नानखटाई मी ऐकलीसुद्धा नव्हती. पण बारा बायका माझ्याकडं बघत होत्या. मी हात झटकून म्हणालो, "त्यात काय. साखरेऐवजी गूळ घालायचा, एवढंच."

घरी आम्ही सगळे अहिराणीच बोलतो. इथं सर्वांना समजावं म्हणून बोलणी मराठीत उतरवली आहेत. पण "एवढंच" हा शब्द मी त्या दिवशी कुठल्याही भाषेत बोललो असतो तरी तितकाच मूर्खपणाचा ठरला असता.

नानखटाईचं सगळं मर्म तूप फेसण्यात आहे. परातीत तूप घेऊन तळहातानं घोटत राहायचं, ते पांढरं आणि हलकं होतं, मग त्यात पिठीसाखर घालून पुन्हा घोटायचं. साखर कोरडी असते. ती तुपात मुकाट्यानं बसते आणि भट्टीत गेल्यावर नानखटाईला तडा पाडते. तो तडा म्हणजे आमची सही. गूळ कोरडा नसतो. त्याच्या पोटात पाणी असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी गूळ ठेचून तुपात टाकला, त्याचे खडे झाले. खडे मोडेनात म्हणून थोडं पाणी घालून गूळ विरघळवला. पाणी मैद्याला लागलं आणि पीठ चिवट झालं, चपातीच्या कणकेसारखं. सोडा नेहमीइतकाच घातला. गुळाच्या आंबटपणाशी त्याची गाठ पडली आणि गोळे भट्टीत आधी फुगले, मग बसले, मग पसरून एकमेकांना जाऊन भेटले. मी पत्रा बाहेर ओढला तेव्हा त्यावर एकच नानखटाई होती, पत्र्याएवढी. वरून काळी, मधे ओली, कडेनं दगड.

ठाकोरभाईंनी गल्ल्यावरून मान लांब करून पाहिलं. "अल्या मास्तर, आ हूं कयरुं? कौल बनाव्युं?" सुरती माणूस स आणि श चा ह करतो. मी नेमकं काय करून ठेवलं ते त्यांना विचारायचं होतं, आणि ते घरावर घालायचं आहे का, तेही.

आता उपाय काय होते? वहिनींना खरं सांगायचं, हा एक. तो मला सुचलाच नाही. त्या संध्याकाळी डबा न्यायला येणार होत्या. भावाचं तूप संपलं होतं, ऑपरेशनमधून उठलेली बाई, आणि रांगेतल्या त्या बारा जणी. मी बेकरीच्या पोत्यातला मैदा घेतला, बेकरीचं वनस्पती तूप घेतलं, पिठीसाखर घेतली. गुळाचा रंग यावा म्हणून नाताळच्या केकसाठी आम्ही साखर जाळून जो काळा पाक करून ठेवायचो, तो चमचाभर घातला. म्हणजे साखर लपवायला साखरच वापरली. वासासाठी वहिनींच्या रिकाम्या डब्याच्या तळाचं तूप खरवडलं आणि वर गुळाचा चुरा भुरभुरवला. नानखटाई अशी खुसखुशीत उतरली की काय सांगू. तडासुद्धा नकाशासारखा.

वहिनींनी डबा उघडला, वास घेतला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "देवी तुम्हाला सुखी ठेवो." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, नम्र माणूस आहे.

बिघडलेला माल आम्ही तिघा कारागिरांनी आठ दिवस चहाबरोबर खाल्ला. वजनाच्या मापानं फोडावा लागायचा, पण चव छान होती. ही गोष्ट लक्षात राहिली. दिसायला इतकं वाईट आणि चवीला इतकं चांगलं असं मी दुसरं काही केलेलं नाही.

दिवाळीनंतर बाजार उघडला त्या दिवशी दगडूआप्पा डबा घेऊन भेटायला आले. वहिनींनी माझ्यासाठी त्यात मूठभर शेव घातली होती. आप्पा पिठाच्या पोत्यावर टेकले आणि म्हणाले, "भो, आठ महिन्यांत गोड असं काही पोटात गेलंच नव्हतं. चहात गूळ, शिऱ्यात गूळ, सगळीकडं तोच वास. तुझी नानखटाई खाल्ली तेव्हा वाटलं, हे जमलं. हिला म्हटलं, आता चैत्रापर्यंत काही अवघड नाही."

ते इतकं चांगलं बोलत होते की मला राहवेना. मी म्हणालो, "आप्पा, ती साखरेची होती."

त्यांना आधी नीट कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं; निदान साखरेपुरतं सगळं. तुपाचा विषय मी काढला नाही. एका बैठकीत माणसानं किती कबूल करावं यालाही मर्यादा असते.

आप्पा बोटं मोजू लागले. "मी अकरा खाल्ल्या," ते शेवटी म्हणाले. "हिनं एक खाल्ली, बाकी शेजारी दिल्या." मला वाटलं, आता हा माणूस उठून एक ठेवून देईल, आणि ते बरंही झालं असतं. पण ते रागावले नव्हते, घाबरले होते. साठीकडं झुकलेला, मागाच्या पट्ट्यात सापडून एका बोटाचं टोक गमावलेला माणूस खरोखर घाबरला होता. बायको अजून जिना चढताना मधे बसत होती. तिचं बरं होणं त्यांनी ज्या एका गोष्टीला बांधलं होतं, ती मी तोडली होती.

मग ते म्हणाले, "मागावर ताण्याचा दोरा तुटला तर आम्ही काय करतो, ठाऊक आहे?"

"नाही."

"माग थांबवतो. गाठ मारतो. पुन्हा चालू करतो. सगळं कापड फेकून देत नाही." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "साखर मी खाल्ली, पण घातली तू. गाठ तू मारायची. आजपासून चैत्रापर्यंत तूही साखर सोडायची. मी माझी धरलीच आहे. दोघांची मिळून देवी एक समजून घेईल. आणि हे हिला कळता कामा नये. ती वर चढेपर्यंत तर नाहीच. तिच्या मनात खोट आली तर पाय उचलायचा नाही."

बेकरीच्या मास्तरनं साखर सोडायची. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

साखर कुठं कुठं असते याचा शोध त्या पाच महिन्यांत मला लागला. मी कधी इतकं बारकाईनं पाहिलंच नव्हतं. नानखटाई, बिस्कीट, केक हे तर सरळ होतं. पण खारीवर चकाकी यावी म्हणून वरून साखरपाण्याचा हात फिरवतो, तीही गेली. पावात साखर असते, खमीर फुलायला. मी रोज हजारभर पाव भाजणारा माणूस आणि मला पाव खाता येईना. मी आप्पांच्या कारखान्यावर जाऊन विचारून आलो, पावातली चालेल का. त्यांनी माग थांबवून विचार केला. "ती खमीर खातं, तू नाही," ते म्हणाले. मी खूश होऊन निघालो तर मागून हाक मारली. "तरी नकोच."

मग सुरतेतलं बाहेरचं जेवण. गुजराती डाळ गोड असते, पण कशानं? कतारगामला हिरे घासणाऱ्यांसाठी एका बाईंची खाणावळ होती, तिथं आम्ही पाव पोचवायचो. मी तिथं डाळीची वाटी पुढं धरून विचारायला लागलो, "गोळ के खांड?" म्हणजे गूळ की साखर. पहिल्या दिवशी बाई हसल्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "भाई, जेवायचं की परीक्षा घ्यायची?" पण त्यांच्यामुळंच मला कळलं की चांगली रांधणारी बाई डाळीत गूळच घालते, चिंचेच्या आंबटाला तोच सांभाळतो, साखर फक्त वरवर गोड करते. ते वाक्य मी घरी येऊन एका जुन्या बिलाच्या पाठीवर लिहून ठेवलं होतं. बिल हरवलं, वाक्य राहिलं.

बेकरीत मात्र बोभाटा झाला. मास्तर माल चाखत नाही. तुकडा पुढं केला तर मान वळवतो, चहा बिनसाखरेचा पितो. ठाकोरभाईंनी त्याचा अर्थ लावला, मास्तरला डायाबिटीस झाला. त्यांनी तो गिऱ्हाइकांनाही सांगितला. मग समोरच्या सोसायटीतल्या सविताबेन रोज सकाळी पेलाभर कारल्याचा रस घेऊन यायला लागल्या. त्यांच्या दिरांना त्यानं गुण आला होता. पेला रिकामा झाल्याशिवाय त्या जायच्या नाहीत. खरं सांगावं तर एकाची दोन होऊन गोष्ट वहिनींच्या कानावर जाईल, ही भीती. मी दोन महिने कारल्याचा रस प्यायलो. सविताबेन सगळ्यांना सांगायच्या, "जुओ, केटला सारा थई गया." बघा, किती बरे झाले. आजारच नव्हता म्हटल्यावर गुण येणारच.

गोडाची हाव मात्र भयंकर असते. माणूस भुकेला राहू शकतो, पण रोज साखरेच्या वासात आठ तास उभं राहून बिनसाखरेचा चहा पिणं म्हणजे काय ते मीच जाणे. गोड खायचं तर गूळ खायचा, आणि गूळ खायचा तर तो नीट करून खायचा, अशा हावरेपणातून मी त्या गुळामागं लागलो. माझ्या धंद्यातली जी एक गोष्ट मी खरोखर शिकलो, ती अशी जिभेच्या लोभानं शिकलो.

गुळाच्या एका जुन्या व्यापाऱ्याकडं मी रविवारी जाऊन बसायचो. त्यानं मला ढेप ओळखायला शिकवलं. पिवळीधमक, चकचकीत ढेप दिसली की दूर राहायचं. तिला रंग काढायला मसाला, म्हणजे रसायन, घातलेला असतो. नख रुतवून बघायचं. रुतलं तर चिक्कीला, नाही रुतलं तर भाजणीला. तुकडा जिभेवर ठेवायचा आणि थांबायचं. शेवटी खारट लागला तर परत द्यायचा. तो म्हणाला, "साखर कुठलीही घे, साखरच. गूळ मात्र कुठल्या शेतातला, कुठल्या कढईतला, कुठल्या महिन्यातला, सगळं सांगतो." मी विचारलं, "मग साखर का सांगत नाही?" तो म्हणाला, "तिचं सगळं सांगणं धुऊन टाकलेलं असतं." मला हे फार आवडलं. मी ते ठाकोरभाईंना ऐकवलं. ते म्हणाले, "तो गूळ विकतो. त्याला दुसरं काय सुचणार?"

प्रयोग चालू झाले. पहिल्यांदा उत्साहाच्या भरात मी गरम दुधात गूळ घालून गोड पावाचं पीठ भिजवायला गेलो. दूध फाटलं. पाच लिटर. ठाकोरभाई त्या दिवशी जे बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही, कुठल्याही अंकात येणार नाही. पुढचे चार दिवस मी पनीर खाल्लं, त्यात साखर नसते एवढं समाधान.

मग नानखटाई. गूळ किसायचा, हे पहिलं कळलं. किसून सकाळची भाजणी आटोपल्यावर निवत आलेल्या भट्टीच्या तोंडाशी पसरायचा. दुपारभर तिथं राहिला की त्याच्या पोटातलं पाणी जातं. मग कुटायचा, चाळायचा. असा कोरडा गूळ तुपात घोटला की तूप पांढरं होत नाही, सायीच्या रंगाचं होतं, घाबरायचं नाही. सोडा निम्मा, कारण उरलेलं काम गुळाचा आंबटपणा करतो. बेसनाचा हात थोडा वाढवायचा. गोळे वळून अर्धा तास झाकून ठेवायचे. आणि भट्टी साखरेच्या नानखटाईपेक्षा थंड हवी, कारण गूळ फार लवकर लाल होतो. आमच्याकडं भट्टीची उष्णता मोजायचे काटे नव्हते. चिमूटभर मैदा भट्टीच्या तळावर टाकायचा आणि तो किती वेळात लाल होतो ते बघायचं. साखरेसाठी मी वीस म्हणेपर्यंत वाट बघायचो, गुळासाठी पस्तीस. या पस्तीसच्या आकड्यापर्यंत पोचायला मला संक्रांत उजाडली. मधल्या काळात जे काही भट्टीबाहेर आलं त्याला आम्ही नावं ठेवली होती: वीट, चामडं, बेडूक. बेडूक वरून फुगलेला आणि आतून पोकळ होता, पण चवीला सगळ्यात चांगला.

संक्रांतीनंतर पहिला खरा घाणा उतरला. तडा बारीक, रंग तांबूस, आणि वास? साखरेच्या नानखटाईला तुपाचा वास येतो. हिला तुपाचा, उसाचा, थोडा धुराचा, आणि मागं कुठंतरी करपल्या दुधाचा. मी एकटाच भट्टीपुढं उभं राहून तीन खाल्ल्या. अडीच महिन्यांनी तोंडाला खरी नानखटाई लागली होती. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुरानं आलं असं मी म्हणणार नाही.

होळीला डबाभर करून वहिनींच्या घरी घेऊन गेलो. तूप साजूक, माझ्या पैशाचं. आप्पांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली, मग त्यांनी तोंडात टाकली आणि हळूहळू चावत राहिले. वहिनींनी एक खाल्ली, विचार केला.

"बरी आहे. पण दिवाळीची जास्त खुसखुशीत होती, मास्तर. यावेळी हात बिघडला का?"

आप्पांना ठसका लागला. वनस्पती तुपानं माल साजूक तुपापेक्षा खुसखुशीत होतो, ही आमच्या धंद्यातली उघड गोष्ट आहे, पण ती मी तिथं कशी सांगणार? मी म्हणालो, "हवामान, वहिनी."

त्या नानखटाईचं पुढं काही झालं नाही. ठाकोरभाईंनी काचेच्या बरणीत ठेवून पाहिली. पावसाळ्यात ती मऊ पडली, लोकांनी रंग बघून शिळी समजली. त्यांनी बरणीत पुन्हा टोस्ट भरले. आता नातीच्या हातात गुळाच्या बिस्किटांचं चकचकीत पाकीट दिसतं, वर आरोग्याच्या गोष्टी छापलेल्या. उलटून मागचं बारीक वाचलं तर दुसऱ्याच ओळीत साखर. म्हणजे मी दिवाळीला केलं तेच, फक्त छापून. मी माझी मापं कुठं लिहिली नाहीत, त्याची आता चुटपुट लागते. पस्तीस तेवढं आठवतं. पण पस्तीस म्हणायचं ते कुठल्या चालीत, हे कागदावर कसं उतरवणार?

चैत्र आला. आप्पा म्हणाले, "तूही चल. गाठ तुझी आहे." आम्ही तिघं एसटीनं गडाच्या पायथ्याला उतरलो. सकाळचं ऊन अजून कोवळं होतं. वहिनींनी पदर खोचला, पहिल्या पायरीला हात लावला आणि चढायला लागल्या. वीस पायऱ्या, मग बसणं. पुन्हा वीस, पुन्हा बसणं. आप्पा एक पायरी मागं, दोन्ही हात किंचित पुढं धरून, जणू वरून काही पडलं तर झेलायचं आहे. त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. मी त्यांच्याही मागं, आणि माझी हालत काय सांगू? वीस वर्षं भट्टीपुढं एका जागी उभं राहिलेला, तितकीच वर्षं तुकडे चाखलेला माणूस. पाच महिन्यांच्या व्रतानं जीभ सुधारली होती, पोट जागच्या जागी होतं.

निम्म्यावर आलो असू. वहिनी बसल्या होत्या. पलीकडं एक पेढेवाला होता. वहिनींनी पुडी घेतली आणि मला म्हणाल्या, "यांचं व्रत आहे, पण तुम्ही घ्या, मास्तर. तोंड सुकलं आहे तुमचं."

"नको, वहिनी."

"घ्या हो. डायाबिटीस म्हणतात तो खरंच आहे की काय?"

आता इथं फक्त हो म्हणायचं होतं. एक शब्द. पण धाप लागली की माझं डोकं आधी थांबतं, तोंड चालू राहतं. "मीही धरलंय, वहिनी," मी म्हणालो. "दिवाळीच्या नानखटाईत साखर होती. माझ्याकडून गुळाची बिघडली, म्हणून मी..."

आप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी उरलेलं वाक्य गिळलं. पण जे बाहेर पडायचं ते पडलं होतं. वहिनी पायरीवर बसल्या होत्या, त्या बसूनच राहिल्या. वर निम्म्या पायऱ्या शिल्लक. लोक आम्हाला वळसा घालून चढत होते. आप्पा त्यांच्यापुढं उकिडवे बसले आणि ताण्याची, गाठीची, दोघांच्या मिळून एका व्रताची सगळी गोष्ट सांगायला लागले, घाईघाईनं, जसं काही कोर्टात साक्ष देत होते. "तुटलं नाही गं," ते म्हणत होते. "सांधलं आहे. हा पाच महिने पावही खात नाही."

वहिनींनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "मन्हं तूप कोठे गयं?"

माझं तूप कुठं गेलं. मला वाटलं होतं, देवीचं काहीतरी विचारतील.

"तूप... ते बिघडलेल्यात गेलं, वहिनी."

"मग दिवाळीची कशात केली होती?"

"वनस्पतीत."

आप्पांची मान झटकन वळली. हे त्यांनाही नवीन होतं.

"मन्हा भाऊनं तूप," वहिनी सावकाश म्हणाल्या. "म्हैस विकायच्या आधीचं शेवटचं तूप. ते कोणी खाल्लं?"

"आम्ही कारागिरांनी. आठ दिवस. वाया नाही गेलं, वहिनी, चव फार..."

वहिनी उठल्या. पुडी कमरेला खोचली आणि चालायला लागल्या. रागानं माणूस किती चढू शकतो ते मी त्या दिवशी पाहिलं. वीस पायऱ्या झाल्या, त्या बसल्या नाहीत. चाळीस झाल्या. मधेच वळून माझ्याकडं एकदा बघायच्या, तोंडातल्या तोंडात तूप असं म्हणायच्या आणि पुढच्या दहा चढायच्या. आप्पा आधी "हळू, हळू" म्हणत मागं पळाले, मग त्यांचाच दम संपला. ते कठड्याला टेकले आणि वर बघत राहिले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. ती बाई कोणाचाही हात न धरता वळणाच्या पलीकडं गेली, आणि ते रडत होते.

मी त्या वळणाच्या दोन पायऱ्या अलीकडं पसरलो होतो. पाय उचलेना, डोळ्यांपुढं काजवे. शेवटी आप्पांनी आणि एका अनोळखी भक्तानं मला काखेत धरून वर नेलं.

वहिनी दर्शन घेऊन सावलीत बसल्या होत्या. पेढे देवीपुढून परत आणले होते. त्यांनी एक आप्पांच्या तोंडात घातला, स्वतः, हातानं. आप्पांनी डोळे मिटले. मग माझ्या हातावर अर्धा ठेवला. अर्धाच, तुपाचे कापून घेतले असावेत. मी तो खाऊ शकेन इतकाही श्वास माझ्याकडं नव्हता. मी भिंतीला टेकून नुसता बसलो.

वहिनींनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आता पुढच्या वर्षी या मास्तरसाठी काहीतरी सोडा. हा काही स्वतःच्या पायानं चढत नाही."